पेर्ला मनांगची स्प्रिंग

“ए, माझा हात बघा! निळा झाला!” बुगान किंचाळली.

“मग फ्रॉकला पूस. गाडीला पुसू नकोस!” तिचा भाऊ रेक्सन ओरडला.

“अरे शहाण्या, गाडीनंच निळा केलाय!”

जोवी हातातलं फडकं टाकून धावत आली. तिघं आरोग्यकेंद्रामागे पेर्ला मनांगची मोटारसायकल धूत होती. सुट्टी नुकतीच लागली होती, पण भाताच्या खाचरांत मासे पकडायचे सगळे बेत या गाडीपायी बारगळले होते.

पेर्ला ही दालिगान गावची सरकारी सुईण. गावातली सगळी पोरं तिला मनांग म्हणत, म्हणजे ताई. डोंगरधारांवर विखुरलेल्या वाड्यांपर्यंत ती एकटी जायची. केंद्रानं तिला दिलेली गाडी सगळ्यात स्वस्तातली, सडकेवरही चालेल आणि पायवाटेवरही, अशी. पण शॉक भुसभुशीत, हँडल फार खाली, आणि क्लचचं लिव्हर तिच्या आखूड बोटांपासून कोसभर लांब! म्हणून तिनं मनिलाहून नवे भाग मागवले आणि खालच्या मोठ्या गावात दियोनच्या गॅरेजात बसवून घेतले. उंच हँडल, जवळ येणारी लिव्हर, पुढचे-मागचे शॉक, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा.

आणि गाडी घेऊन परत येताना, पहिल्याच दगडी उतारावर ती कोसळली. मनगट मुरगळलं, गुडघ्याला टाके पडले.

जोवीला राग आला होता तो पडण्याचा नाही. राग होता गावाचा! “एवढीशी बाई, आणि निघाली रेड्यावर बसायला!” असं म्हणत लोक दुकानापुढे दात काढत होते. आणि तिचे स्वतःचे वडील? ते तर गावचे काप्तान, म्हणजे सरपंच! काल जेवताना ते म्हणाले होते, “गाडी केंद्राची आहे. ती आता केंद्रातल्या एर्नेस्तोला देऊ. पेर्लाला चालत जाऊ दे.”

“आणि तातांग, वरच्या वाडीतली आंटी?” जोवीनं वडिलांना विचारलं होतं. वरच्या वाडीतली आंटी म्हणजे रेक्सन आणि बुगानची आई. तिचे दिवस भरत आले होते.

“पूर्वी काय बायका बाळंत होत नव्हत्या?” तातांगनी कॉफीचा घोट घेतला होता. विषय संपला!

आता जोवी गाडीच्या मागच्या स्प्रिंगपाशी वाकली. तिनं नखानं जरा खरवडलं. निळा पापुद्रा सुटून आला आणि खालून तपकिरी गंज दिसला.

“नव्या स्प्रिंगला गंज?” ती पुटपुटली. “रेक्सन, सीटवर बस. धपकन!”

रेक्सन धपकन बसला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर... थांबेचना!

“अरे वा, पाळणा!” बुगान टाळ्या पिटायला लागली.

“पाळणा नव्हे, सापळा आहे हा!” जोवी म्हणाली. “दगडांवर गाडी अशी उडायला लागल्यावर मनांग काय करणार? ही तिची जुनीच स्प्रिंग आहे. वरून रंग फासलाय! हँडल, लिव्हर, जे दिसतं ते नवं बसवलं आणि आतलं सगळं जुनंच ठेवलं!”

तिघं तडक तातांगकडे गेली. यंदा पंचक्रोशीच्या फिएस्ताचं, म्हणजे जत्रेचं, स्वागताचं भाषण त्यांच्याकडे होतं, आणि ते आरशासमोर घोकत होते.

“दियोननं?” ते हसले. “अगं, फिएस्तातली मोटारसायकल शर्यत तोच भरवतो. गावोगावचे पाहुणे येणार, आणि मी त्याच्यावर आळ घेऊ? कशावरून? पोरीच्या हाताला रंग लागला यावरून?”

“तुम्ही येऊन बघा तरी!”

“जोवी! मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस.”

जोवीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं. बाहेर येऊन तिनं कुंपणाच्या बांबूला अशी लाथ मारली की रेक्सन म्हणाला, “बांबूनं काय केलंय? मारायचीच असेल तर माझ्या सायकलला मार, ती तशीही चालत नाही.”

पेर्ला ओसरीवर एका हातानं रताळी सोलत होती. मुलांनी सगळं सांगितलं. तिनं सुरी खाडकन पाटावर आपटली.

“सगळे म्हणाले, तुला झेपलं नाही. इतक्या जणांनी म्हटलं की मलाही तसंच वाटायला लागलं!” ती म्हणाली. “रात्र रात्र मी विचार करतेय, कुठं चुकले? ब्रेक उशिरा दाबला का? आणि हा माणूस...”

“मनांग, मग खरी स्प्रिंग गेली कुठं?” बुगाननं विचारलं.

“तेच तर शोधायचंय,” जोवी म्हणाली. “आठवतंय, मनिलाच्या दुकानदारानं फोनवर मनांगचं वजन विचारलं होतं?”

“हो! मनांग औषधांची पिशवी घेऊन काट्यावर चढली होती!” बुगान म्हणाली. “आणि मी ओरडले, तांदळाच्या एका पोत्याएवढी!”

“ज्याच्या वजनाची स्प्रिंग त्यालाच नीट चालते,” पेर्ला म्हणाली. “त्यांच्याकडची सगळ्यात मऊ स्प्रिंग माझी होती. तिच्यावर कोरलेला आकडा पाठ आहे मला. पंचेचाळीस.”

फिएस्ताच्या सकाळी जीपनीच्या, म्हणजे लांबलचक सवारी जीपच्या, टपावर गाडी बांधून चौघं खालच्या मोठ्या गावात उतरली. चर्चमागच्या मैदानात बँड वाजत होता, डुकराचं मांस निखाऱ्यांवर चरचरत होतं आणि शर्यतीच्या गाड्या सरावाच्या फेऱ्या मारत होत्या.

“ठण्ण!” एक गाडी उंचवट्यावरून उडाली आणि लोखंडावर लोखंड आदळलं. पुढच्या उंचवट्यावर पुन्हा, “ठण्ण!”

वर बसला होता दियोनचा भाचा ब्रिक्स, चांगला धिप्पाड गडी. गाडी अगदी पेर्लाच्याच बनावटीची. मागे नवीकोरी निळी स्प्रिंग झळकत होती.

“एवढी चकचकीत स्प्रिंग, आणि चिखलात म्हैस बसावी तशी बसतेय!” रेक्सन म्हणाला.

जोवी एकदम थांबली. “बसणारच! एका पोत्याच्या स्प्रिंगवर दोन पोती बसलीत!”

“चला, आत्ता त्याची कॉलर धरू!” पेर्ला निघालीच.

“नको, मनांग! आत्ता गेलो तर तो म्हणेल, ही माझीच. आधी त्यालाच बोलू दे. सगळ्यांसमोर!”

शर्यतीआधी गाड्या तपासायला बाग्विओ शहरातून मॅडम ऑगस्टा आल्या होत्या. केस पांढरे, हात तेलानं काळे, नजर घारीची. ब्रिक्सची गाडी त्यांच्यासमोर आली, तेव्हा ध्वनिक्षेपक हातात धरून दियोन शेजारीच उभा होता. स्वागतासाठी तातांगही होते. जोवी अगदी गोड चेहरा करून, ‘मनोंग’ म्हणजे दादा अशी हाक मारत पुढे झाली.

“मनोंग दियोन, केवढी छान स्प्रिंग! कुठल्याही गाडीची काढून बसवली तर चालते का हो?”

“छे!” दियोन ध्वनिक्षेपकातच गरजला. “खास मापाची असते, पोरी! माझ्या ब्रिक्सचं वजन कळवून मनिलाहून मागवलीय! अशी या डोंगरात दुसरी नाही!”

“नक्की त्याच्याच वजनाची?”

“शंभर टक्के!”

जोवीचा गोड चेहरा गळून पडला. “मॅडम, तिच्यावर पंचेचाळीस आकडा आहे का, बघता?”

मॅडम वाकल्या. चिखल पुसला. “आहे. पंचेचाळीस.” त्यांनी ब्रिक्सकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “ही तर सगळ्यात हलक्या माणसाची स्प्रिंग! पोरा, तुझं वजन किती?”

“काटा आहे ना!” रेक्सन ओरडला. “तो काय, डुकरं तोलायचा!”

मैदानभर खसखस पिकली. ब्रिक्सचे कान लाल झाले. “अंकल,” तो हळूच म्हणाला, पण ध्वनिक्षेपक चालूच होता! “तुम्ही म्हणाला होतात, एका गिऱ्हाइकाला नको झाली म्हणून उरलीय!”

“नको झाली?” पेर्ला लंगडत पुढे आली. चांगला हात तिनं दियोनच्या तोंडासमोर रोखला. “मला नको झाली? माझ्या गाडीत रंग फासलेला गंज घातलास! त्या उतारावर मी पडले, तेव्हा एकटी होते. मागे एखादी अडलेली बाई बसली असती तर?”

हसू थांबलं. बँडही थांबला.

“पो... पोऱ्याची चूक झाली असेल,” दियोन अडखळला. “गॅरेजातल्या पोऱ्याची...”

“आणि रंग?” बुगाननं अजूनही न निघालेला निळा तळवा वर केला. “रंगही चुकून लागला?”

मॅडम ऑगस्टांनी टपावरून उतरवलेली पेर्लाची गाडी दोनदा दाबली, स्प्रिंग खरवडली आणि उठून उभ्या राहिल्या. “या गाडीवरून ही बाई जिवंत परत आली, म्हणजे उत्तम चालवते. ब्रिक्सची गाडी शर्यतीतून बाद! आणि दियोन, दोन्ही गाड्या इथंच खोल. मागचंही, पुढचंही. मी बघत बसते.”

दियोनला पाने हातात घ्यावेच लागले. पेर्ला डोक्यावर उभी. “तो नट घट्ट कर. अजून. अजून!” ब्रिक्सनं गुपचूप मदत केली आणि शेवटी पुटपुटला, “मनांग, मला खरंच माहीत नव्हतं.”

“आता माहीत झालं ना? मग पुन्हा विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस,” ती म्हणाली.

तातांग जोवीजवळ आले. भाषणाचा कागद त्यांनी कधीच खिशात कोंबला होता. “शाबास, पोरी! तुम्ही तिघांनी आज दालिगानची लाज राखली.”

“मला शाबासकी नको, तातांग,” जोवी म्हणाली. अजूनही ती धुमसत होती. “मनांगबद्दल काय म्हणाला होतात? आता सगळ्यांसमोर तिलाच काय ते सांगा!”

काप्तानांनी दियोनशेजारी पडलेला ध्वनिक्षेपक उचलला.

“पेर्ला चुकली नव्हती. चुकलो मी. न बघता तिला बोल लावला. गाडी तिचीच राहील. आणि या मुलांचं मी ऐकलं नाही, याची मला शरम वाटते. यांच्याएवढे डोळे उघडे ठेवायला आम्हा मोठ्यांनी शिकलं पाहिजे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम ऑगस्टांनी तेलकट हातांनीच तिघांच्या पाठी थोपटल्या. रेक्सन म्हणाला, “आता माझाही शर्ट काळा!”

एवढ्यात गर्दीतून वरच्या वाडीचा शेजारी धापा टाकत आला. “रेक्सन! तुझ्या आईला कळा सुरू झाल्यात!”

रेक्सनचा चेहरा पांढराफटक पडला. बुगाननं जोवीचा हात गच्च धरला.

पेर्लानं मनगटाची पट्टी दातांनी आवळली. नवं लिव्हर दाबून पाहिलं, ते दोन बोटांत आलं. पिशवी पाठीला बांधून तिनं गाडी सुरू केली. आता “झेपेल का?” असं कुणीही विचारलं नाही. गर्दी नुसती बाजूला झाली.

“मनांग, सांभाळून!” जोवी ओरडली.

“सांभाळून नाही, जोरात!” रेक्सन ओरडला.

चढावरच्या धोंड्यांवर गाडी चढली. चाकं वरखाली होत होती, पण फूटरेस्टवर उभी राहिलेली पेर्ला जराही हलत नव्हती. बघता बघता ती वळणाआड गेली.

“जीपनी काढा!” काप्तान गरजले, आणि तिन्ही मुलं टपावर चढली.

मुलं वाडीत पोचली, तेव्हा ओसरीवर बायकांची गर्दी होती, आणि आतून एक बाळ असं चिडून रडत होतं की अर्ध्या डोंगराला ऐकू जावं.

“मुलगी आहे!” पेर्लानं दारातून सांगितलं. ती घामानं निथळत होती, आणि कितीतरी दिवसांनी हसत होती. “केवढी रागीट आहे, ऐकताय ना?”

“असू दे,” जोवी म्हणाली. “उपयोगी पडेल!”