गणोजींची मोटर

लोहारदा गावात गणोजींच्या विहिरीवर अजेय पोचला, तेव्हा तिथे आधीच कोणीतरी माफी मागत होतं.

"चूक माझी आहे, काका. ती ओळ मी लिहिली होती."

हा आवाज तो सहा महिने रोज फोनवर ऐकत होता. चेहरा आज पहिल्यांदा पाहिला. उन्हानं लाल झालेला, घामानं केस कपाळाला चिकटलेले. धारहून तीन बस बदलून ती आली होती, आणि त्याला सांगितलं नव्हतं. त्यानंही तिला सांगितलं नव्हतं.

"वल्लरी?"

ती वळली. "तुम्ही... अजेय? तुम्ही कशाला आलात?"

गणोजी खाटेवरून म्हणाले, "भिया, मोटर एकच जळली. माफीवाले दोन-दोन? बसा, चाय सांगतो."

गव्हाचं शेवटचं पाणी राहिलं होतं. अर्धं शेत भेगाळलं होतं. कंपनीनं पाठवलेली नवी मोटर सकाळीच देवासहून निघाली होती.

दोघं काम करत ती कंपनी शेतातल्या मोटरना लावायच्या स्टार्टर पेट्या बनवी. पेटीतला प्रोग्रॅम देवास आणि धार, दोन्ही ऑफिसांत लिहिला जाई. देवासचे लोक तो सबव्हर्जन नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये साठवत, धारचे गिट नावाच्या नव्या. दोन्हीकडचं जुळवायचं काम अजेयचं. रोज चार वाजता वल्लरीचा फोन येई, "पाठवतेय. आता तुमच्याकडे कोणी हात लावू नका हं!" मग तो धारचे बदल देवासमध्ये उतरवून घेई. एकच ओळ दोघांनी बदलली असली की कॉन्फ्लिक्ट होई, काम थांबे, आणि कुठली ओळ ठेवायची ते अजेयला ठरवावं लागे.

परतताना बसस्टँडवर दोघं बाकावर बसले.

"देवासच्या ओळीत काय होतं?" तिनं विचारलं.

"व्होल्टेज एकशे ऐंशीच्या खाली गेलं की मोटर बंद."

"मी दीडशे केलं होतं. आमच्याकडच्या मोटर चालतात दीडशेवर."

"इथल्या जुन्या आहेत. एवढ्या कमीवर चालवल्या की जळतात."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग माझी ओळ का ठेवलीत?"

त्यानं नजर खाली वळवली. मग म्हणाला, "तुमची होती म्हणून... आधी मी दोन्ही वाचायचो. पुढे तुमचं खोडायला हात धजेना. मग वाचणंच सोडलं."

तिचे डोळे भरून आले, पण रागानं.

"म्हणजे मी जीव ओतून लिहिते, आणि तुम्ही वाचतही नाही? याला तुम्ही प्रेम म्हणता?"

"मी तो शब्द बोललो नाही."

"न बोलताच काकांची मोटर जाळलीत!"

तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला.

"सहा महिन्यांतला प्रत्येक कॉन्फ्लिक्ट काढा. आणि वाचा."

एकोणीस निघाले. अकरांत तिचं बरोबर होतं, पाचांत देवासचं. उरलेल्या तिनांत दोघांचंही चुकलेलं.

"हे मी नाही बदलणार," ती एका ठिकाणी अडून बसली.

"बदलावं लागेल."

"का?"

त्यानं सांगितलं. ती वाद घालत राहिली, तो मागे हटला नाही.

"अरे, अकड तो देखो!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. एवढ्यात एक बस निघून गेली.

दुसऱ्या बसमध्ये शेजारी जागा मिळाली. मग तिनं समोर बघत विचारलं, "समजा... लग्न झालं, तर राहायचं कुठे? धारला?"

अजेयच्या ओठांवर 'हो' आला होता. ते सोपं होतं. तिचं मन राखायची त्याला सवयच लागली होती.

"नाही," तो म्हणाला. "देवासला. आठवड्यातून दोनदा बाबांना डायलिसिसला न्यावं लागतं, आणि माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. तुम्हाला रोज धारची बस पडेल. खूप त्रास होईल."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. आता ही पुन्हा बोलणार नाही, असं त्याला वाटलं. बागली आलं, माणसं उतरली, बस पुन्हा निघाली.

"मला नाही पटलं," ती म्हणाली. तिचा हात मात्र त्याच्या हातावर आला होता. "शनिवारी येते देवासला. बाबांना भेटते. मग भांडू."