गुरुवारचे टाळ

विहाराचे पत्रे बदलत होते, म्हणून संबोधी परदेशीपुऱ्यातल्या एका बंद हॉलच्या ओट्यावर मुलांकडून वंदना म्हणवून घेत होती. जानेवारीची थंडी... मुलांचे दात वाजत होते. तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत एक उंच तरुण आला.

"अंदर या ना. बच्चे गारठतायत."

"हा भजनी मंडळाचा हॉल ना? कुणाला तरी विचारावं लागेल."

"बाबांना. पण ते नाही म्हणतील." तो हसला. "म्हणून आधी बसून घ्या."

तो जयेश. त्याचे बाबा, दिनानाथजी, हे भजनी मंडळ चालवायचे; पूर्वी मिलमध्ये क्लार्क होते. मिल बंद पडली, कुणी गावी परतलं, पोरं पीथमपूरच्या कारखान्यांत पांगली; गुरुवारच्या भजनाला आता मोजकेच म्हातारे उरले होते.

दिनानाथजी आले आणि दारातच थबकले. मुलं पालीत म्हणत होती, संबोधी हिंदीत अर्थ सांगत होती.

"मराठीत नाही सांगत?"

"यांना कळत नाही, काका. महूला आमचे आजोबा मराठीतच सांगायचे... पण यांच्या घरी सगळे हिंदीच बोलतात."

"येतात तरी!" ते भिंतीला टेकून बसले. "आमची तर येतही नाहीत. दर रविवारी येऊ दे यांना."

मग जयेशही दर रविवारी सतरंज्या घालायला येऊ लागला. तेवढ्या कामाला त्याला अख्खी सकाळ लागायची.

"तुमची सुट्टी वाया जाते," ती एकदा म्हणाली.

"वाया? हफ्ताभर वाट बघतो मी — सुट्टीची, मतलब..."

"सुट्टीचीच?"

त्याचे कान लाल झाले. "नाही."

संबोधीने सतरंजीचं दुसरं टोक उचललं. हसू काही लपेना. मग ती हळूच म्हणाली, "माझं लग्न बौद्ध पद्धतीनंच होईल, जयेश. आणि देवाच्या पाया मी पडणार नाही. आत्ताच सांगते."

"मग मीही आजच बाबांशी बोलतो."

त्यानंतर दिनानाथजी हॉलकडे फिरकलेच नाहीत. दोन रविवार संबोधीचं शिकवण्यात लक्ष लागेना. तिसऱ्या रविवारी, मुलं गेल्यावर ते आले. हातात टाळ होते.

"लग्न तुमच्या रिवाजानं करा. पण गुरुवारी टाळ धरायला माणूस नाही माझ्याकडे."

"वाजवीन, काका. पण... हात नाही जोडणार."

दिनानाथजींनी टाळ तिच्या हातांत दिले.

"टाळ धरल्यावर हात मोकळे असतात कुठे, पोरी?"