खेळाचा तास गणिताला

निरोगी शरीरातच निरोगी मन वास करतं, असं त्या शाळेच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं. भिंतीच्या आतल्या बाजूला दहावीचा खेळाचा तास गेली सहा वर्षं गणिताच्या बाई घेत होत्या.

बाईंचं म्हणणं साधं होतं. भूमिती काही केल्या संपत नाही. आणि पळायचं म्हणाल तर मुलं कुठेही पळतात. यंदा तर त्यांनी रीतसर अर्जच दिला होता : हा तास कायमचा गणिताला द्यावा. निर्णय महिनाअखेरीला मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, देणार होत्या. तास गेला की खेळाच्या शिक्षकाची बदली ठरलेली. पण अर्ज दिला तेव्हा ती जागा रिकामी होती, आणि रिकाम्या खुर्चीवर कुणी अन्याय करू शकत नाही.

मग एका सोमवारी वर्तुळ काढता काढता बाईंनी मागे पाहिलं, तर दारात एक उंच माणूस. गळ्यात शिट्टी, काखेत चेंडू.

"हा तास माझा आहे."

"होता," बाई म्हणाल्या.

"आजच रुजू झालोय मी."

"म्हणून सवय नाही. होईल हळूहळू."

वर्ग खुदकन हसला. तोही हसला — आणि सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

"हे काय?"

"माझ्या तासाला मी हजर नको? चालू द्या. फक्त... तुमच्या वर्तुळाचं पोट जरा सुटलंय."

"इथे हात वर करून बोलतात."

त्याने हात वर केला. बाईंनी वर्तुळ पुसलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

असं आठवड्यातून तीनदा होऊ लागलं. खेळाचे सर मागे बसत, शंका विचारत, आणि बाई हल्ली त्या तासाला इस्त्रीची साडी नेसतात हे मुलींच्या लगेच लक्षात आलं. एकदा सरांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"बाई, आज वर्गाने एकतीस जांभया दिल्या."

"मोजत बसलात?"

"गणिताचा तास ना. त्यातली एक तुमची."

"म्हणजे माझ्याकडे बघत होता!"

"फळ्याकडे बघत होतो... तुम्ही मध्ये येत होतात."

पुढच्याच तासाला पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने वहीवर डोकं टेकलं. विचार करत असेल, असं बाईंना वाटलं. मग ती बाकावरून घसरली.

बाई खडू हातात धरून उभ्याच राहिल्या. सर मात्र शेवटच्या बाकावरून केव्हा आले ते कुणाला कळलंही नाही. "खिडक्या उघडा. गर्दी नको." तिला आडवं केलं, पायांखाली दप्तर दिलं, मनगटावर बोटं ठेवली. आवाज जराही चढला नाही. तिने डोळे उघडल्यावर त्यांनी एवढंच विचारलं,

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही. पाचला उठून प्रमेयं करते."

"आणि झोपतेस कधी?"

"एकला."

हिच्याकडून शिका, असं बाई वर्षभर बाकीच्यांना सांगत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांना सरांच्या डोळ्यांत बघवेना. सर मात्र रागावलेच नव्हते, आणि तेच फार लागलं.

पुढच्या खेळाच्या तासाला बाईंनी वर्ग स्वतः मैदानावर नेला. सरांनी झोपेबद्दल आणि न्याहारीबद्दल पाच मिनिटं सांगितलं. पोरांनी ते बाईंच्या प्रमेयांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं. मग त्यांना दोन फेऱ्या पळवलं. लाल चेहरे, विस्कटलेल्या वेण्या, आणि एकही जांभई नाही. ही मुलं इतकी मोठ्याने हसू शकतात, हे बाईंना ठाऊकच नव्हतं.

"आता नाडी मोजू. पंधरा सेकंद मोजायचं, चाराने गुणायचं. दाखवायला एक हात हवाय..."

बाईंनी हात पुढे केला. सरांची बोटं मनगटावर टेकली.

"सत्तावीस. गुणा बाई."

"सत्तावीस चोक... शहाण्णव."

"एकशे आठ!" अख्खा वर्ग ओरडला.

"पण बाई," एक मुलगी म्हणाली, "तुम्ही तर पळालाच नाहीत!"

तास संपताच बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

"अर्ज मागे घेते."

"कारण लिहा."

बाईंनी लिहिलं : विद्यार्थ्यांचं आरोग्य. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "फक्त विद्यार्थ्यांचंच ना?"

बाई मैदानावर परत आल्या तेव्हा सर चेंडू गोळा करत होते.

"तुमची बदली करायला निघालेला अर्ज... माझा होता."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी वाचला."

"मग भांडला का नाहीत?"

"भांडायलाच आलो होतो हो. पण तुम्ही वर्तुळ पुसलंत... चूक मान्य करणारं माणूस दिसलं की माझं भांडण संपतं."

"मागे घेतलाय तो. आता राहाल ना?"

"शाळेत?"

"शाळेत... तर राहाच." बाईंचे कान तापले. "मी शाळेचं म्हणत नव्हते."

सरांच्या हातातले सगळे चेंडू खाली पडले.

परीक्षा आटोपल्यावर करू म्हणता म्हणता त्यांनी लग्न परीक्षेआधीच केलं. त्या दिवशी दोघंही रजेवर होते. दहावीचा खेळाचा तास विज्ञानाच्या सरांनी घेतला आणि प्रकाशाचं परावर्तन पूर्ण केलं.