मिस्टर मॅकफेल

लिफ्टवर चढवलेल्या ट्रकच्या पलीकडे दोन बूट तेवढे दिसत होते. तेलानं काळे झालेले, आणि एकाची नाडी सुटलेली.

"मिस्टर मॅकफेल?" सोलांजनं हाक मारली.

बूट जागच्या जागी थबकले. कोपऱ्यात चहा पीत बसलेला एक म्हातारा कोळी असा ठसकला, की चहा त्याच्या नाकातून आला. ट्रकमागून एक उंच माणूस बाहेर आला. पस्तिशीचा असेल. दाढी दोन दिवसांची, डोळे मात्र शांत. त्यानं आधी कोळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि शेवटी तिचा कोट धरून उभ्या असलेल्या चार वर्षांच्या ओडेटकडे.

"बोला," तो म्हणाला.

"गाडीची तपासणी करायचीय. स्टिकरची मुदत महिनाअखेर संपतेय."

"गॅरेज चुकलं नाही ना तुमचं? लोक सहसा पुढच्या पेट्रोलपंपावर जातात."

"नाही. मी मुद्दाम शोधत आलेय."

कोळी चहाचा मग ठेवून उठलाच. "लॉकी, मी निघतो बाबा. हे गावात सांगायलाच हवं!"

शोधत आले हे तिनं खरंच सांगितलं होतं. सात महिन्यांपूर्वी कॅनडातलं हॅलिफॅक्स शहर सोडून ती केप ब्रेटन बेटाच्या या किनाऱ्यावर, आजीच्या रिकाम्या घरात राहायला आली होती. नवरा मार्सेल आल्बर्टाच्या तेलखाणीत कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. मागे उरली ही निळी गाडी, आणि त्या गाडीतला एक आवाज. डावीकडे वळताना टक्... टक्. फोनवर मार्सेल म्हणाला, "जुनी गाडी आहे, बोलणारच." शेजारची क्लोटिल म्हणाली, "पोरी, तुला झोप लागत नाही, म्हणून कानात वाजतं तुझ्या." पेट्रोलपंपावरच्या तपासनीसानं तिचं ऐकून घेतलं, हसला आणि म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी पास झालीच होती की! घेऊन या. तुमची कॉफी संपायच्या आत स्टिकर लावून देतो."

त्या कॉफीचीच तिला भीती वाटली. सोमवारपासून घाटापलीकडच्या शाळेत तिची नोकरी सुरू होणार होती, वाचनालयात. ओडेटची बालवाडीही तिथेच. रोज जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. तिनं तपासणीच्या नियमांची पुस्तिका मिळवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग क्लोटिलला विचारलं, "इथे सगळ्यात कडक कोण?"

क्लोटिल हातातलं विणकाम विसरली. "कडक? अगं, सगळे सैल कोण ते विचारतात! कडक म्हणजे मॅकफेल. त्या माणसाला माया नाही. स्वतःच्या मामाची गाडी फेल केली त्यानं, लग्नाच्या दिवशी! त्याच्या वाटेला जाऊ नकोस."

सोलांजनं पत्ता लिहून घेतला.

"बसा तिकडे, शेगडीपाशी," तो म्हणाला.

"मी उभी राहते. पाहिलं तर चालेल ना?"

"चालेल. सहसा कुणी पाहत नाही." मग त्यानं या बेटावरचा नेहमीचा प्रश्न विचारला, "वडील कोण तुमचे?"

"देव्हो. शिंपल्यांच्या खाडीवरचे. मी तान्ही असतानाच आम्ही हॅलिफॅक्सला गेलो."

"म्हणजे इथल्याच," तो म्हणाला. तिला का कोण जाणे, बरं वाटलं.

दिवे, वायपर, हॉर्न. हॉर्न ओडेटनं वाजवला, तीनदा. मग गाडी वर गेली. चाकं हवेत लोंबकळू लागली. त्यानं लोखंडी पहार घेतली, पुढच्या चाकाजवळ अडकवली आणि हलकेच दाबली.

टक्.

"हाच!" ती जवळजवळ ओरडलीच. "हाच तो आवाज!"

"बॉल जॉइंट गेलाय. चाक धरून ठेवणारा सांधा हा." त्यानं पुन्हा दाबलं. टक्. "कधीपासून ऐकू येतोय?"

"सात महिने. सगळे म्हणाले, माझ्या डोक्यात आहे."

त्यानं पहार खाली घेतली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "डोक्यात नाही. इथे आहे. हात लावून बघा."

तिनं हात लावला. थंड, चिकट लोखंड तिच्या बोटांखाली खरोखर हललं. घाटात हा निसटला असता तर... तिचे डोळे भरून आले, पण भीतीपेक्षा सुटकाच जास्त होती. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, आवाज आहे.

"कान चांगले आहेत तुमचे," तो ट्रेमध्ये पहार ठेवत म्हणाला, आणि तेवढ्यावरच तिचे चांगले कान लाल झाले.

मग त्यानं काचेवर नापासाचं स्टिकर लावलं. "दहा दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुरुस्ती करून पुन्हा तपासायची. पण कागदावर दहा दिवस असले तरी या सांध्यावर मी तुम्हाला घाटात जाऊ देणार नाही."

"सोमवारी माझा पहिला दिवस आहे, मिस्टर मॅकफेल."

त्यानं मानेमागे हात चोळला. "सोमवारी मला घाटापलीकडे सुटे भाग आणायला जायचंच आहे. सात वाजता येतो."

सोमवारी सातला ओडेटची गाडीत बसायची छोटी खुर्ची त्यानं आपल्या ट्रकच्या मागच्या सीटवर बसवली. गुडघ्यानं दाबून पट्टा असा ओढला, की खुर्ची तसूभरही हलेना. सोलांजनं लगेच हलवून पाहिली. मग कसंनुसं झालं तिला.

"माफ करा. सवय आहे."

"हलवूनच बघावी," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. पट्ट्यावर ठेवा."

त्या दिवशी त्यानं घाटापलीकडे सुटे भाग मागवले. मंगळवारी ते आले नाहीत म्हणून विचारायला गेला. बुधवारी पहाटेच आग्नेयेचा वारा सुटला होता, घरांची छपरं धरून ठेवावीत असा. तो सातला दारात हजर. केस उभे, हातात थर्मास.

"आज काय आणायचंय?" तिनं विचारलं.

"आज काही आणायचं नाही."

"मग?"

"मग... काही नाही. वारा आहे."

बाकी कुणीही चार सबबी सांगितल्या असत्या. या माणसाला एक साधी थाप मारता येत नव्हती. खाडीतला उरलासुरला बर्फ तुकड्यातुकड्यांनी समुद्राकडे निघाला होता. ओडेट मागे बसून ते तुकडे मोजत होती, अकराच्या पुढे चुकत होती आणि पुन्हा एकपासून सुरू करत होती.

"लोक तुम्हाला इतके का घाबरतात?" सोलांजनं विचारलं.

त्यानं एक अख्खं वळण सावकाश घेतलं. मग म्हणाला, "गॅरेज वडिलांचं. फार गोड माणूस. माझ्या भावाची, नीलची गाडी त्यांनी न उचलताच पास केली. घरचीच तर होती. ब्रेकची नळी रस्त्यावर बर्फासाठी टाकतात त्या मिठानं खाल्लेली होती. या पुढच्या वळणावर..." त्यानं वेग कमी केला. "नील वाचला. काठी घेऊन चालतो. पण वडिलांनी त्यानंतर एकाही स्टिकरवर सही केली नाही. मग मी करायला लागलो." तो पुढे म्हणाला, "माया नाही म्हणतात ना?"

"म्हणतात."

"तुम्हाला काय वाटतं?"

ती काचेबाहेर पाहत राहिली. "मला वाटतं," ती हळूच म्हणाली, "कुणीतरी माझी गाडी उचलून पाहिली."

गुरुवारी तिनं त्याच्यासाठी काकवीची बिस्किटं केली. पत्र्याच्या डब्यावर कागद चिकटवून सुबक अक्षरात लिहिलं, 'मिस्टर मॅकफेल यांस'. डबा घेऊन ती गॅरेजात शिरली. तो बाहेर कुणाशी तरी बोलत होता. तिची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. तपासनीसाचा परवाना. त्यावर फोटो त्याचाच, आणि नाव: लॉक्लिन मॅकइनिस.

तिनं पुन्हा वाचलं. मॅकइनिस. मग डब्याकडे पाहिलं. मॅक... फेल. फेल! या किनाऱ्यावर प्रत्येक चौथा माणूस मॅकइनिस, म्हणून गाव प्रत्येकाला टोपणनाव चिकटवतं, हे तिला आजीनं सांगितलं होतं की! आणि मॅकफेल नावाची खरीखुरी माणसंही बेटावर आहेत, म्हणून तिला शंकासुद्धा आली नव्हती. ती कागद खरवडू लागली, तेवढ्यात तो आत आला.

"राहू दे," तो म्हणाला.

"अहो, सहा दिवस! सहा दिवस मी तुम्हाला तोंडावर चिडवतेय, आणि तुम्ही... का नाही सांगितलंत?"

"बारा वर्षं ते नाव ऐकतोय. पाठीमागे." तो डब्यावरच्या अक्षरांकडे बघत होता. "त्याच्या आधी 'मिस्टर' कुणी लावलं नव्हतं."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू येईल की काय असं वाटलं. त्यानं डबा उघडून बिस्किट तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावलं.

"पास?" तिनं विचारलं.

"जरा कडक आहे."

"लॉकी!"

नाव तोंडातून निसटून गेलं होतं. मग तो एकदम मागे वळून नवा बॉल जॉइंट खोक्यातून काढू लागला, तोही उलट्या बाजूनं.

शुक्रवारी गाडी नीट झाली. संध्याकाळी क्लोटिल कुंपणावरून म्हणाली, "उद्या पास झाली की सुटलीस बाई. दोन वर्षं त्या माणसाचं तोंड बघायला नको."

दोन वर्षं.

सोलांज घरात आली आणि नियमांची पुस्तिका पुन्हा घेऊन बसली. खरंच होतं. एकदा पास झाली, की चोवीस महिने तिला त्या गॅरेजात जायचं काही कारण नव्हतं. ट्रकही येणार नव्हता, थर्मासही नाही. आणि तो स्वतःहून काही बोलणार नाही, हे तिला कळत होतं. गिऱ्हाइकाशी असं बोलणं त्याला खोट्या स्टिकरसारखंच वाटलं असतं. बोलायचं तर तिनंच. पण मार्सेल गेल्यापासून तिनं एकही गोष्ट दोनदा हलवून पाहिल्याशिवाय केली नव्हती. आणि मन असं हलवून कसं बघायचं?

तिनं पानं उलटली. ब्रेक... नको. टायर, छे! पट्टे, हॉर्न, आरसे... सोळाव्या पानावर तिचं बोट थांबलं.

शनिवारी सकाळी ती गाडीमागे उकिडवी बसली होती, हातात ओडेटच्या खेळण्यांचा छोटा पेचकस.

"आई, काय करतेस?"

"काही नाही गं."

"मग हसतेस का?"

लॉकीनं त्या दिवशी दाढी केली होती आणि हनुवटीवर कापून घेतलं होतं. त्यानं गाडी उचलली, उतरवली, पुन्हा उचलली. पहार लावली, आवाज नाही. ब्रेक झकास. पुढचे दिवे, इंडिकेटर, वायपर, सगळं नीट. नवं स्टिकर हातात घेऊन तो समोरच्या काचेपाशी उभा राहिला, पण त्याचा चेहरा गाडी दरीत गेल्यासारखा पडला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. गाडी उत्तम आहे." तो स्टिकरकडे बघत म्हणाला. "पाऊण तास शोधतोय."

"काय शोधताय?"

"काहीतरी." मग एका दमात म्हणाला, "बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, एखादी गाडी फेल व्हावी. पण खोटं लिहिता येत नाही मला. येत असतं, तर आज लिहिलं असतं."

सोलांजचं काळीज इतक्या जोरात वाजलं, की त्याला पहारीशिवाय ऐकू गेलं असावं. "मागची बाजू पाहिलीत?" ती म्हणाली. "पुस्तिकेचं सोळावं पान?"

त्यानं भुवया वर केल्या. मागे गेला. बराच वेळ मागेच राहिला.

"नंबरप्लेटचा दिवा लागत नाही," त्याचा आवाज आला.

"अगंबाई! हो का?"

"बल्ब गेलेला नाही. सैल केलाय कुणीतरी. स्क्रूवर ताजा ओरखडा आहे." तो वाकलेला तसाच, मान वर करून म्हणाला, "अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आवळतो आणि..."

"हात लावू नका!" ती पुढे झाली. "आधी फेल करा. नियम म्हणजे नियम, मिस्टर मॅकफेल. दहा दिवस मिळतात ना?"

तो उभा राहिला. अगदी सावकाश, जणू घाई केली तर काहीतरी निसटेल. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग डोळ्यांच्या कडा हलल्या, आणि मग तो हसला. सात दिवसांत तिनं त्याला असं हसताना पाहिलंच नव्हतं.

"दहा दिवस," तो म्हणाला. "आणि नंतर?"

"नंतर... पुस्तिका बरीच जाड आहे."

त्यानं नवं स्टिकर खणात ठेवलं आणि नापासाचं काढलं. एवढ्या काळजीनं लावलं, की एकही बुडबुडा राहिला नाही. ओडेट टाचा उंचावून बघत होती.

"आई, आपण फेल झालो?"

"हो गं राणी," सोलांज म्हणाली. "पुन्हा फेल झालो."

"मग परत यायचं?"

"परत यायचं," लॉकीनंच उत्तर दिलं. त्यानं सैल झालेला बल्ब काढून रुमालानं पुसला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "हा माझ्याकडे राहू दे. पुरावा म्हणून. सध्या दुसरा बसवतो, पण स्टिकर राहील."

"जपून ठेव," ती म्हणाली.

आपण त्याला 'तू' म्हणालो, हे घाटाच्या पायथ्याशी, डावीकडे वळताना तिच्या लक्षात आलं. तिनं सवयीनं कान टवकारले. गाडीत काहीच वाजत नव्हतं.