मैनुद्दीनचाचांचं नख

हे घडलेलं आहे. पटत नसेल त्यानं पुढं वाचू नये. कुणी गळ घातलेली नाही.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. भर दुपार. हडपसरचा एक छोटा कारखाना.

सुट्टीचा वार, म्हणून दिग्विजय एकटाच लेथवर होता. त्या दिवशी शाफ्टचा लॉट पुरा झाला, तर सुपरवायझरची जागा त्याची. आधी ती मैनुद्दीनचाचांची होती. चाचा श्रावणात गेले.

चाचांची एक रीत होती. माप घेऊन झालं, की डोळे मिटून जॉबवरून, म्हणजे कातलेल्या तुकड्यावरून, अंगठ्याचं नख ओढायचे. झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं, हलकं. नख अडलं, की ‘च्’... आणि जॉब भंगाराच्या डब्यात.

दिग्विजयचे तर निम्मे जॉब तिथंच जायचे. तो सगळ्यांदेखत विचारायचा, “चाचा, नखाला सर्टिफिकेट कुठल्या लॅबचं?”

चाचा पुढचा जॉब उचलायचे. उत्तर देण्याएवढी त्याची लायकी त्यांनी कधी धरली नाही.

लेथ जात्यासारखी घुमत होती. पोलादाचा निळा कीस वेणीसारखा सुटत होता...

आणि वीज गेली. गुरुवारी जातेच.

शाफ्ट धरणारा लेथचा चक फिरत फिरत थांबला.

शांतता...

मग पाठीमागं... खर्रर्र.

आणि... ‘च्’.

दिग्विजय वळला.

कुणी नव्हतं.

टेबलावर शाफ्ट ओळीनं मांडलेले. मधली एक जागा रिकामी.

तो शाफ्ट भंगाराच्या डब्यात होता.

त्यानं मापून पाहिला. माप चोख. परत ओळीत ठेवला आणि रिकाम्या शेडला ऐकवलं, “मेलात ना? मग पडून राहा की गप.”

लॉट गिऱ्हाइकाकडं गेला. एकही शाफ्ट परत आला नाही. मालक श्रीनिवासरावांनी सुपरवायझरची खुर्ची दिली. दिग्विजयनं पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला निघाला, तर दीपाली, त्याची बायको, मागून म्हणाली, “अहो, पाठीवर काय झालंय?”

मानेपासून कमरेपर्यंत एक बारीक लाल रेघ. सरळ.

मधे एका जागी... अडलेली.

दीपाली हात लावणार, तोच दोघांनीही ऐकलं.

‘च्’.

आता दिग्विजय भिंतीला पाठ लावूनच बसतो. मापं चोख आहेत, म्हणतो. कुणी विचारलेलं नसतं.

भंगाराचा डबा तो रोज संध्याकाळी शेडबाहेर ठेवायला लावतो.

सकाळी डबा त्याच्या खुर्चीला लागून असतो.

रिकामा.