विसरभोळ्या मशीनचा सूर

हेडफोनची तार तुटली नसती, तर मी त्या दुरुस्तीच्या दुकानात पाऊलही टाकलं नसतं. काउंटरवर कोणी नव्हतं. आतून मात्र एक सूर येत होता... जाडसर, उबदार, किंचित थरथरणारा. माझ्या अंगावर काटाच आला! चांगला आवाज कानी पडला की मी फोन पुढे करून टिपून घेतेच. सवय आहे. टिपला आणि आत डोकावले.

टेबलावर लाकडी कडांचा जुना सिंथेसायझर. नुसती बटणंच बटणं. त्याच्यामागे बाह्या दुमडलेला, कानावर पेन्सिल अडकवलेला एक जण.

"एवढं सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये मावतं," मी म्हटलं. माझी जीभ कधी गप्प बसली आहे?

"मावत असेल," तो हसला. "हे तापायला अर्धा तास घेतं, त्याआधी सूर धरत नाही. लॅपटॉपवाल्यांना वाट बघायची सवय नसते."

"आणि बटणवाल्यांना घड्याळ बघायची!"

बोलता बोलता कळलं, उद्या अकरा वाजता तो हा आवाज एका नाटकाच्या दिग्दर्शक बाईंना ऐकवणार होता. शेवटच्या प्रवेशासाठी. तीन आठवडे खपून बनवलेला, आणि मिळालं तर त्याचं पहिलंच काम. साडेअकराला त्याच बाईंनी त्याच कामासाठी मलाही बोलावलं होतं... पण माझी ती वाचाळ जीभ नेमकी तेव्हाच रेटेना.

तो तार जोडायला मागच्या खोलीत गेला आणि माझे हात शिवशिवले. एक बटण फिरवलं. मग दुसरं. पाचव्या बटणाला त्या सुराची फाटकी शिट्टी झाली. मी घाईनं शोधायला लागले...

"अहो, यात अनडू कुठे असतं?"

तो धावत आला आणि पांढराफटक पडला. "नसतं. याला काही लक्षात राहत नाही. बटणं जिथे असतात, तोच आवाज."

"लिहून ठेवलं असेल ना कुठे?"

"आज लिहिणार होतो."

ओरडला असता तर परवडलं असतं. तो मुकाट्यानं खुर्चीत बसला. आता मी गप्प निघून गेले तर उद्याचं काम मलाच मिळणार, हेही मनात आलं, नाही म्हणत नाही. पण त्याचा चेहरा बघितला आणि पिशवीतून लॅपटॉप काढून उघडला.

"ऐका, मघाशी मी तुमचा आवाज चोरलाय."

"काय?"

"फोनवर टिपलाय, वीस सेकंद. आणि याच मशीनची नक्कल माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. हीच बटणं, पडद्यावर. मी इथे जुळवते, तुम्ही तिथे फिरवा. आणि हो... उद्या साडेअकराला त्याच बाईंकडे माझी पाळी आहे."

तो बघतच राहिला. "मग मदत कशाला करताय?"

"हात माझे होते म्हणून."

अख्खी दुपार गेली. मी ऐकायची, पडद्यावर केसभर सरकवायची, आकडा सांगायची. तो फिरवायचा. "जरा उजवीकडे. जरा म्हटलं, गिरणी नाही चालवायची!" चौथ्या बटणापर्यंत 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

आकडे सगळे जुळले, तरी सूर कोराच. "तुझी नक्कल फार शहाणी आहे गं," तो म्हणाला. "माझं मशीन थोडं वेडं आहे." डोळे मिटून त्यानं एक बटण किंचित ढकललं... आणि तोच सूर! मी टाळ्याच पिटल्या. तो मशीनकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मग एकदम पेन्सिल काढून बटणांच्या जागा लिहायला लागला. कान लाल झाले होते त्याचे.

दुसऱ्या दिवशी मी अकरालाच हॉलवर हजर. का ते विचारू नका. त्याचं मशीन नुकतंच सुरू झालेलं, आणि सूर भरकटत होता.

"कुठाय आवाज?" बाई कडाडल्या.

"बाई, तापायला अर्धा तास..."

"त्याआधी मी तापेन!"

मी पुढे झाले. "बाई, तोवर माझं ऐका." लॅपटॉपवरून पावलांचा ठेका सोडला, त्याखाली संथ सूर. बाई तीन-तीनदा ऐकत बसल्या, त्यात अर्धा तास गेला. "नीटनेटकं आहे. पण शेवटाला काहीतरी कमी पडतंय."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. सूर लागला होता! मी पुन्हा ठेका सुरू केला आणि त्यावर त्याचा तो जाडसर, थरथरता आवाज चढत गेला. कोपऱ्यात गप्पा मारणारे नट चिडीचूप झाले. बाई चक्क उठून उभ्या राहिल्या.

"हे कोणाचं?"

"हिचं," तो म्हणाला. "याचं," मी म्हणाले. एकाच दमात.

"भांडू नका! दोघांनाही घेतलं. पाटीवर तुमची नावं शेजारी शेजारी!"

सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. मी तर उडीच मारली!

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला. दोन्ही हातांत मशीन. "एक सांगू? पण यालाही अनडू नाही हं."

"थांब." मी फोन पुढे केला. "हं, बोल."

"हे काय!"

"सवय."

त्याला तोंड लपवायलाही हात मोकळा नव्हता. "तू... मला फार आवडतेस."

"मलाही तू," मी फोनच्या अगदी जवळ येऊन, स्वच्छ आवाजात म्हटलं.

"आता पुसून टाक ते."

"छे! लिहून ठेवायचं विसरणाऱ्यातली नाही मी."

घरी जाऊन ते मी तीन ठिकाणी सेव्ह केलं.