खिशातलं वाचनालय

"मेलं! मेलं बघ तुझं यंत्र!" करण ओरडला. "अख्खं पान काळं झालं!"

"मेलं नाही रे, पान उलटतंय," सुकन्या म्हणाली. "स्वस्तातलं आहे ना, त्याला वेळ लागतो. मोज. एक... दोन... आलं!"

तळहाताएवढ्या करड्या पडद्यानं काळी पापणी मिटली आणि उघडली. नवं पान आलं. पण त्याच्यामागे जुन्या पानाची पुसट अक्षरं अजून रेंगाळत होती, धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या गावासारखी.

"भुतं आहेत यात," नोहा हळूच म्हणाला.

"लिही, लिही! तोटा नंबर चार : भुतं!" करणनं फर्मान सोडलं.

सुकन्यानं खरंच लिहिलं. तिच्या वहीत दोन रकाने होते. फायद्यांत लिहिलं होतं : खिशात मावतं. एकदा चार्ज केलं की तीन आठवडे बघायला नको. भर उन्हात मोबाईल काळाठिक्कर पडतो, यात अक्षर उलट ठळक दिसतं. तोट्यांत : स्वतःचा उजेड नाही. पडदा इवलासा, एका ओळीत चारच शब्द. जोडाक्षरं मधूनच फुटतात. आणि आता, भुतं.

भंडारदऱ्याच्या जलाशयावर, डोंगराच्या कुशीत कातळवाडी आहे. मे महिन्याची सुट्टी होती. करण सुकन्याचा आत्येभाऊ. शिर्डीला त्यांचं फुलांचं दुकान, त्यामुळे बोलणं गिऱ्हाईक बोलावल्यासारखं खणखणीत. नोहा शाळेतल्या रेबेकाबाईंचा मुलगा. बाई मूळच्या सोनईकडच्या, पण आता कातळवाडीच्याच झाल्या होत्या. हे पुस्तक वाचायचं छोटं यंत्र त्यांनीच नमुना म्हणून आणलं होतं. "मुलांनी वापरून बघावं, मग सुकन्यानं गावापुढे बरं-वाईट सांगावं," असं त्या म्हणाल्या होत्या.

सांगायचं होतं उद्या संध्याकाळी, सभेत. आणि तिथंच सुकन्या अडली होती.

कारण वाचनालयाचे सेक्रेटरी सहादेवतात्या गावभर सांगत सुटले होते, "अशी वीस यंत्रं आली की ह्या खोलीचं कामच न्हाई! हजार पुस्तकं खिशात बसत्यात!" आठ दिवसांपूर्वी, "वाळवी लागलीय" म्हणत त्यांनी वाचनालयाला कुलूप घातलं होतं. खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. सुकन्यानं यंत्र चांगलं म्हटलं, तर ते कुलूप कायमचं राहणार होतं. आणि यंत्र वाईट म्हणावं, तर खोटं बोलायचं कसं? तिला ते आवडलं होतं! शेळ्यांमागे जाताना ती ते परकराच्या खिशात टाकायची आणि करवंदीच्या जाळीशी बसून वाचायची.

तिघं बंद वाचनालयाच्या ओसरीवरच बसले होते. दुपार तापली होती. वारा पडला होता. एक पान हलत नव्हतं.

आणि तेवढ्यात ते ऐकू आलं.

सूं... ऽऽऽ

सुकन्याचं बोट बटणावरच थिजलं. "ऐकलंत?"

"साप!" नोहा दोन पायऱ्या खाली सरकला.

"साप इतका वेळ फुत्कारत नाही. त्यालाही दम लागतो!" करण म्हणाला खरा, पण त्याचा आवाज शिर्डीचा राहिला नव्हता.

सुकन्यानं दाराला कान लावला. आत कुणीतरी दात आवळून श्वास सोडत होतं. मध्येच थांबत होतं. पुन्हा सुरू होत होतं. पुस्तकांच्या कपाटांमधून, अंधारातून. आणि दाराच्या फटीतून येत होता एक कुजका वास, अंडं नासल्यासारखा.

"इकडे बघा," नोहा कुजबुजला. ओसरीच्या धुळीत वर्तुळं उमटली होती. एक, दोन, पाच... सगळी सारखी, दारापर्यंत गेलेली. जणू लोखंडी खुरांचं एखादं जनावर उड्या मारत आत शिरलं होतं आणि बाहेर पडलंच नव्हतं!

"मोजायला पट्टी नाही," करण म्हणाला.

"हे आहे की!" सुकन्यानं यंत्र आडवं न धरता उभं टेकवलं. एक यंत्र, दोन यंत्रं, तिसऱ्याला जरा कमी. प्रत्येक वर्तुळ तेवढंच.

"ए! कोन हाय रं तितं?"

तिघंही दचकले. सहादेवतात्या पायऱ्या चढत होते. कपाळावर घाम, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"तात्या, आत काहीतरी सूं सूं करतंय," सुकन्या म्हणाली. "आणि वास..."

"उंदीर मेलाय! औषध घातलंय मी. इखारी औषध! फिरकू नगा इतं, सांगून ठेवतो!" तात्यांनी चपलेनं धुळीतली वर्तुळं फराफरा पुसली. "पळा!"

मुलं पळाली. पण चिंचेखाली पोचल्यावर करण थांबला. "उंदीर मेला असेल, तर त्यांनी वर्तुळं का पुसली?"

मागे, बंद दाराआड ते काहीतरी अजून श्वास सोडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेबेकाबाई प्रशिक्षणासाठी तालुक्याला, अकोल्याला गेल्या. नोहाला जेवण गरम करून घ्यायचं होतं, म्हणून तिघंही त्याच्या घरी जमले. त्याची धाकटी बहीण एंजेला अंगणवाडीत गेली होती. नोहानं ओट्याखालची टाकी चालू करायला हात घातला आणि सुकन्या किंचाळली, "थांब! टाकी जरा सरकव!"

"का गं?"

"सरकव तर!"

शेणानं सारवलेल्या जमिनीवर वर्तुळ उमटलं होतं. सुकन्यानं खिशातून यंत्र काढून टेकवलं. एक. दोन. तिसऱ्याला जरा कमी.

करणनं टाकीच्या बुडाचं कडं बोटानं चाचपलं.

"गॅसच्या टाक्या," करण पुटपुटला. "तलावाकाठच्या तंबूवाल्यांच्या! सुट्टीत पर्यटकांची झुंबड आहे. तात्यांनी खोली त्यांना गोदाम म्हणून दिली! वाळवी नाही न् उंदीर नाही!"

"आणि त्यातली एक गळतेय," सुकन्या म्हणाली. वाचनालयाच्या भिंतीला भिंत लावून अंगणवाडी होती. तिथं साडेअकराला खिचडीची चूल पेटायची.

"एंजेला," एवढंच नोहा म्हणाला, आणि धावत सुटला.

अंगणवाडीच्या दारात चांगुणाताई तांदूळ धूत होत्या. चूल अजून थंड होती. सुकन्यानं धापा टाकत सगळं सांगितलं. चांगुणाताईंचा चेहरा उतरला, पण त्यांची नजर भिंतीपलीकडच्या कुलपाकडे गेली. "सेक्रेटरीच्या कुलपाला मी हात लावू व्हय? आन् न्हाई निगालं काही, तर?"

"मग चूल तरी पेटवू नका ताई! आणि मुलांना चिंचेखाली आणा. मी गोष्ट वाचते!"

"एवढं करते," चांगुणाताई म्हणाल्या, आणि दोघा पोरांना कडेवर घेतलं.

तोवर करण तात्यांकडे जाऊन आला होता. कान लाल झालेला. "मी सरळ सांगितलं. ते म्हणाले, 'शिर्डीचं शहाणपन शिर्डीत!' तंबूवाल्यांचा टेम्पो संध्याकाळी येणार आहे म्हणे. तोवर कुलूप उघडणार नाहीत."

"संध्याकाळपर्यंत?" सुकन्यानं वाचनालयाकडे पाहिलं. ऊन कौलांवर तडतडत होतं. तात्या मुलांचं ऐकणार नव्हते. मग कुणाचं ऐकतील?

दूर चिंचेखाली बायका नेहमीसारख्या हिरडा निवडायला जमल्या होत्या. वाळलेल्या हिरड्याचे काळे ढीग, पुढ्यात सुपं. मधोमध लंकाबाई. अख्ख्या वाडीत तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. ती गात होती,

"दार बाई लागलेलं, आत कोण उसासतं
वारं न्हाई, पान न्हाई, मन माझं हालतं..."

गेले पाच दिवस सुकन्या त्यांना यंत्रातून गोष्ट वाचून दाखवत होती. नावाड्याच्या लेकीची गोष्ट. बाजारात ती यंत्रात वाचण्याजोगी मिळत नव्हती, म्हणून रेबेकाबाईंनी वाचनालयातल्या जुन्या पुस्तकावरून स्वतः टाईप करून ती यंत्रात घातली होती. पण वेळेअभावी निम्मीच!

सुकन्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "करण, आज मी निम्म्यापर्यंत पोचणार आहे!"

ती वाचायला बसली. चिमुकली पोरं सुपांच्या कडेला दाटीवाटीनं बसली. एंजेला नोहाच्या मांडीवर. आणि सुकन्यानं असं वाचलं, असं वाचलं, की सुपातला हिरडा सुपातच राहिला! नदीला पूर आलाय. बाप पैलतीरावर तापानं फणफणलाय. लेकीनं नाव लोटली. मधोमध वल्हं मोडलं. नाव गरगर फिरू लागली, पाणी गुडघ्याला, पाणी कमरेला, आणि लाटेनं...

पडद्यानं काळी पापणी मिटली. उघडली. पान कोरं!

"मंग?" लंकाबाई पुढे सरकली.

"संपलं आजी. यात एवढंच आहे."

"संपलं? पोर बुडतीया आन् संपलं?" चारी बाजूंनी गलका उठला. "हजार पुस्तकं मावत्यात म्हनं! आन् एक पोर काठाला लागंना?"

"मावतात आजी, पण कुणीतरी आत घालावी लागतात. बाकीची गोष्ट वाचनालयात आहे. दुसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर." सुकन्यानं वाचनालयाकडे बोट केलं. "कुलपाआड. आणि आजी, गोष्टीसाठीच नाही. आत गळकी गॅसटाकी आहे, असं आम्हाला वाटतंय. काल तात्या म्हणाले, उंदीर मेलाय; आज ऐकतच नाहीत. तुम्ही फक्त दाराशी येऊन वास घ्या."

लंकाबाईनं क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. तिच्यामागे अकरा बायका उठल्या. पोरांजवळ चांगुणाताई थांबल्या.

सहादेवतात्यांच्या दारात कधी एवढ्या बायका आल्या नव्हत्या.

"सहादेवा, चावी."

"अवो मावशे, वाळवी..."

"वाळवी मला खाईल व्हय? काल उंदीर हुता, आज वाळवी! चावी दे, न्हाईतर दार खांद्यानं काढते!"

तात्या किल्ल्या खुळखुळवत पुढे, बायका मागे. ओसरीवर चढताच लंकाबाईनं नाक आक्रसलं. बायका आपोआप थांबल्या. तात्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं, आणि आतून तो वास लाटेसारखा अंगावर आला! कपाटं भिंतीला ढकललेली, आणि जिथं मुलं बसून वाचायची, तिथं टाक्या. वीस-पंचवीस. गुपचूप उभ्या. अंधारात कुठूनतरी, सूं... ऽऽऽ

"काय दिसंना बाई," तात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि सवयीनं त्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"नाही!" सुकन्यानं झेप घेऊन दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. "ठिणगी पडेल तात्या! बटण नको, मोबाईल नको, काही नको! मागे फिरा! सगळे मागे फिरा!"

बटणापासून तात्यांची बोटं वीतभरावर होती.

मग लंकाबाईनं तात्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. दार सताड उघडं ठेवून सगळे चिंचेपलीकडे गेले. तिथून करणनं गॅस एजन्सीला फोन लावला आणि जीव खाऊन पत्ता सांगितला. नोहा रस्त्याच्या तोंडाशी उभा राहून विडी पेटवणाऱ्यांना, गाडी आणणाऱ्यांना अडवत राहिला. तासाभरानं माणूस आला. त्यानं गळकी टाकी शोधून बंद केली, उघड्यावर नेऊन ठेवली. घाम पुसत म्हणाला, "शेजारी चूल पेटली असती ना... जाऊ द्या. बोलवत नाही."

संध्याकाळी टेम्पोनं सगळ्या टाक्या नेल्या. सभेत तात्या खाली मान घालून बसले होते. "चुकलो," ते म्हणाले. "तंबूवाल्यानं वाचनालयाच्या कौलाचं काम करून देतो म्हटलं. मला वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न. पोरांनी सांगितलं, तरी ऐकलं न्हाई."

अकोल्याहून परतलेल्या रेबेकाबाईंनी एंजेलाला छातीशी घट्ट धरलं होतं. तिघांच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले. "मोठ्यांनी करायचं काम तुम्ही केलंत," त्या म्हणाल्या. सरपंचांनी उठून तिघांना मानाचा नारळ दिला. करणनं तो शिर्डीच्या थाटात कपाळाला लावला आणि सगळे हसले. दिवसभरात पहिल्यांदाच.

"आता बोल सुकन्ये," सरपंच म्हणाले. "यंत्र घ्यायचं का न्हाई?"

सुकन्या उभी राहिली. वही उघडली, दोन्ही रकाने बघितले आणि वही मिटली.

"घ्या. पण वीस नकोत, पाच घ्या. शेळ्यांमागे न्यायला, वीज नसताना वाचायला ते फार चांगलं आहे. पण ते एकेकट्याचं आहे. त्यात कुणीतरी घालेल तेवढंच मिळतं. खोलीत मात्र कुणीही शिरावं, फळीवर हात फिरवावा आणि ज्याचं नावसुद्धा माहीत नाही, ते पुस्तक काढावं. म्हणून खोली पाहिजेच. आणि तिची किल्ली एकाच माणसाकडे नको."

सरपंचांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मुकाट्यानं जुडग्यातून किल्ली सोडवली. ती कुणाला द्यावी, हे कुणी विचारलंच नाही. लंकाबाईनं हात पुढे केला होता.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली आणि किल्ली कनवटीला खोचली. "पर दार उघडता येतं. रोज सकाळी उघडीन. एक चावी त्या पोरीला करून द्या."

मग ती सुकन्याकडे वळली.

"चल. ती लेक अजून पुरात हाय."

आणि सभा तिथंच सोडून सगळ्या बायका उघड्या दाराकडे निघाल्या.